नावं मोकळी सोडायची नसतात

सरूने हिरामणच्या स्टुडिओची काच फोडली, असं आमच्या आळीत अजून सांगतात. काच फुटली नव्हती. मी तिथेच उभी होते. सरूने खुर्ची उचलली होती एवढं खरं, पण ती तिने खाली ठेवली, आणि पुढे काही महिन्यांनी तिथेच जे बोलली ते काच फुटण्यापेक्षा वाईट होतं. लोकांच्या लक्षात काच राहते.

पेणला कासार आळीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर हिरामणचा साउंडचा गाळा आहे. पुढे भाड्याने द्यायचे स्पीकर, लाइटी आणि वायरींची वेटोळी. मागे काचेची एक बंद खोली, तिला तो स्टुडिओ म्हणतो. बरोबर वर आमचं स्वयंपाकघर. सरू हिरामणकडे नवीन कामाला लागली होती तेव्हा एक दिवस सकाळी मी भाजी चिरायला घेतली आणि खाली जो ठेका सुरू झाला, तो जेवणाची भांडी घासून झाली तरी तोच. ढाक-चिक, ढाक-चिक. मी खाली गेले.

"अगं, किती वेळ हे एकच?"

पंचविशीची, केस घट्ट वर बांधलेली मुलगी काचेआडून बाहेर आली. हेडफोन गळ्यात. "काकू, तुमाला एका दुपारीत वीट आला. मी महिनाभर ऐकतेय. या आत. कुणी तक्रार घेऊन येतंय का, त्याचीच वाट बघत होते."

तक्रार घेऊन गेले होते मी, आणि ऐकून आले तिची. मिरवणुकीत वाजवणाऱ्या बेंजो पार्टीतल्या ढोलवाल्याचा चार मात्रांचा तुकडा रेकॉर्ड करायचा आणि कॉम्प्युटरने तो पुन्हापुन्हा वाजवायचा, त्याला म्हणतात लूप. नाच पाच मिनिटं चालो की तासभर, तुकडा तोच.

"मी जोहे गावची," सरू म्हणाली. "साच्यातून गणपती काढताना लहानपणापासून बघितलंय. एका साच्यातून कितीबी काढा, पण डोळे हातानं आखतात, म्हणून प्रत्येक जण वेगळा बघतो. मी स्वतः आखलेत. ह्या लूपला डोळेच नायत, काकू. नुसता साचा नाचतोय."

डोळे आखायची सोय त्या सॉफ्टवेअरमध्ये होती. हिरामणने ती कधी उघडली नव्हती, इतकंच. मशीनला सांगायचं, हा ठोका दर वेळी वाजवू नको, कधी वाजव, कधी गाळ. तो दुसरा केसभर मागेपुढे होऊ दे. इको कधी लांब जाऊ दे, कधी लवकर विरू दे. केव्हा काय, ते मशीनने आपल्या मनाने ठरवावं. पण किती, त्याची हद्द माणसाने घालून द्यायची. मला दाखवायला म्हणून सरूने एकदा सगळ्या हद्दी काढून टाकल्या. मांडणीवरची भांडी कोसळावीत तसा आवाज झाला.

"हे नुसतं मोकळं. ह्याच्यावर कुणी नाचणार नाय."

मग तिने एकेक ठोका आवळत आणला. पहिला ठोका मात्र मुळीच हलू दिला नाही. "ह्याला हात लावायचा नाय. पाय इथं पडतो. बाकीचे भवती कितीबी फिरू देत." पुन्हा लावलं, तर माझीच बोटं टेबलावर चालू लागली. तुकडा तोच होता, पण आता आत कुणी माणूस बसून वाजवत होता.

हिरामण त्या सगळ्या प्रकाराला 'सरूचं भूत' म्हणायचा. "वैनी, चांगल्या मशीनीत भूत घातलंय हिनं. उद्या माझ्या मानगुटीवर बसंल." पण त्या वर्षी गणपतीत बेंजो पार्ट्या त्याच्या दारात रांगेने उभ्या राहिल्या, तेव्हा भूत एकदम घरचं झालं. गाळ्याच्या पाटीवर नाव हिरामणचं एकट्याचंच राहिलं, ते सोडा.

"हे शिकलीस कुठे?" मी एकदा विचारलं.

"मशीन यूट्यूबवर. बाकीचं आयशीकडं."

तिची आई बायजा ही धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात हळद कुटल्यापासून मुलीची पाठवणी होईपर्यंत प्रत्येक विधीला त्याचं गाणं, म्हणजे धवला, गाणारी बाई. भटजी येतो तो नंतर. देवांना, घराण्यातल्या पितरांना आणि मग मांडवातल्या जित्याजागत्या माणसांना नाव घेऊन बोलावते ती धवलारीण. मामा पाण्याची घागर आणायला गेला आणि वाटेत कुणाशी बोलत उभा राहिला, तर बायजा ओळ लांबवी, मध्येच श्वास घेई, शब्द मागे नेऊन पुन्हा पुढे आणी. मामा आला की ओळ मिटवी. एक ओळ तिने दोनदा सारखी म्हटलेली कुणी ऐकली नव्हती. पण देव कुठे, पितर कुठे, जिती माणसं कुठे, ह्या रांगांत एकही नाव कधी इकडचं तिकडे गेलं नव्हतं. सरूने मशीनमध्ये जे केलं ते हेच.

आईचा आवाज राहावा म्हणून तिने बायजाला एकदा स्टुडिओत आणलं. उंच, हडकुळी बाई; पदर खोचलेला, काचेच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढलेल्या. मी चहा घेऊन गेले होते. बायजाने हळदीचं गायलं, मांडवाचं गायलं, घागरीचं गायलं. एकेक ओळ चार-पाच तऱ्हांनी. सरूचा चेहरा असा निवलेला मी आधी कधी पाहिला नव्हता. मग ती म्हणाली, "आये, आता पितरांचं."

"नाय."

"का गो?"

"लगीन नाय, मांडव नाय, आनि पितरांना हाक मारू? आले तर बसवू कुठं त्यांना? ह्या काचेत?"

हिरामण हसला. बायजा हसली नाही. तिने चहा संपवला, कप स्वतः विसळला आणि एस.टी. पकडायला गेली.

आता अष्टमीच्या हैबतरावांचं सांगते. रोह्याचा पूल ओलांडला की अष्टमी, तिथे त्यांचं मोठं घर. भात, वाल, दोन मुलगे, चार नाती. थोरल्या नातीच्या लग्नात बायजा गायली होती, आणि हिरामणने व्हिडिओसाठी म्हणून तिचं सगळं गाणं उचललं होतं. पितरांसकट. दोन वर्षांनी, वैशाखात, दुसऱ्या नातीचं लग्न निघालं. साउंड हिरामणचाच. हैबतरावांच्या धाकट्या मुलाने त्याला विचारलं, "धवला आपल्याच घरचा हाय ना तुझ्याकडं? देव तेच, पितर तेच. मंग ती बाय कशाला? ती आली का मुहूर्त टळतो."

मला खरा राग येतो तो इथे. बाई नको होती, आवाज हवा होता. लोणचं हवं, पण घालणारीचे हात दारात नकोत.

सरू त्या आठवड्यात बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. गाणं होतं तेवढंच वाजवलं तर ते विधी उरकायच्या आत संपेल, म्हणून हिरामणने युक्ती केली. सरूने ढोलासाठी जी मांडणी लावून ठेवली होती, ती उघडली आणि ठोक्यांच्या जागी बायजाच्या गळ्याचे तुकडे टाकले. म्हणजे आता हवं तितका वेळ चालेल, आणि दर वेळी थोडं वेगळं, म्हणजे खरी बाई गातेय असंच वाटेल. त्याने हद्दींना हात लावला नाही. त्या ढोलाच्या होत्या. पहिला तुकडा पक्का राहिला, बाकीचे मोकळे.

पहिला तुकडा होता, 'या हो या, पितरांनो, मांडवाच्या दारी.'

हळद कुटायचं चाललं होतं. घरची थोरली सून शांती मुसळावर होती. स्पीकरमधून बायजाचा आवाज आला, या हो या पितरांनो. मग पणजा महिपतींचं नाव आलं. पुन्हा या हो या पितरांनो. बाप सखा आले. पुन्हा या हो या, आणि तिसऱ्या खेपेला मशीनने आपल्या मनाने नाव उचललं, हैबतराव. मागच्या लग्नात मांडवाचा धनी म्हणून बायजाने ते जित्यांच्या रांगेत घेतलं होतं. आता ते पितरांच्या हाकेमागे लागलं, वर लांब इको. हैबतराव समोर खुर्चीवर बसून पान लावत होते.

शांतीचं मुसळ वरच्या वर राहिलं. बायका म्हाताऱ्याकडे बघू लागल्या. कुणीतरी वायर ओढेपर्यंत मशीनने ते नाव आणखी एकदा घेतलं.

लग्न लागलं. मुलगी सुखरूप सासरी गेली. पण संध्याकाळच्या आत रोह्यापासून पेणपर्यंत बातमी पोचली, आणि बातमीत हिरामण नव्हता, मशीनही नव्हती. बातमी अशी की बायजाने जित्या माणसाला पितरांत बसवलं. वैशाखातली तिची उरलेली लग्नं गेली. कुणी भांडायला आलं नाही. नारळ देऊन तिला ठरवून गेलेली माणसं नुसती फिरकली नाहीत.

सरू परतली त्या दिवशी मी सोलकढीसाठी नारळ फोडत होते आणि खालून एकही आवाज येईना. ती रागावली की आधी गप्प होते. मी जिना उतरून गेले तेव्हा तिच्या हातात खुर्ची होती. मला बघून की काय, तिने ती खाली ठेवली.

"भूत तुझंच हाय," हिरामण म्हणत होता. "मी फक्त बटण दाबलं. मोकळं सोडायचं तूच शिकवलंस."

"मी ठोके सोडले मोकळे. नावं नाय."

"मशीनला काय कळतंय ठोका कुठला नि नाव कुठलं?"

"मशीनला नाय कळत. तुला कळतंय ना? आगरीच ना तू? तुज्या लग्नात माजी आय गायली. तुज्या मेलेल्या बापाला तिनं हाक मारली तवा तू रडलास, मी बघितलंय. तवा ते नाव होतं. आता तुकडा झाला?"

हिरामण वायर गुंडाळू लागला.

"आनि तुज्या बापाच्या मागं तुजंच नाव लागलं असतं तर? तरी बटण दाबलं असतंस?"

"सरू, वैनी बघतायत."

"बघू दे. त्यांनी ऐकावं म्हणूनच आवाज चढवलाय."

मला मध्ये पडायचं नव्हतं, तरी पडले. म्हटलं, "हिरामण, तू निदान अष्टमीला जाऊन सांग की हे तू केलंस." तो म्हणाला, "सांगतो की, वैनी." त्याचं ते सांगतो-की मी ओळखते. आमच्या गच्चीवरचे त्याचे खराब स्पीकर तो दोन पावसाळे हलवतो-की म्हणतोय.

तो गेला नाही. आईची कमाई थांबलेली, म्हणून सरू कामाला येत राहिली. गणपती आले, गेले. जोह्याला सरूच्या घरी बायजा अंगणात बसून शेजाऱ्यांचा वाल निवडून देई आणि ओठ मिटलेले असत. दसऱ्यानंतर सरू मला म्हणाली, "काकू, तुळशीचं लगीन झालं का लग्नं चालू होतील. तोपर्यंत हे निस्तरलं नाय तर आयशीला परत कुणी नारळ देणार नाय. मी जाते अष्टमीला. तुमी येता?"

"मी कशाला?"

"तुमी असलात तर ते शिव्या जरा कमी देतील."

लॅपटॉप, एक छोटा स्पीकर, सरू आणि मी. हैबतरावांच्या पडवीत दोन्ही मुलगे, सुना, भावकीतल्या बायका जमल्या. सरूने सगळं उघडून दाखवलं. आईचं मूळ गाणं, त्याचे केलेले तुकडे, कुठला पक्का, कुठले मोकळे. तिने ढोलही लावून दाखवला. चांगलं समजावलं तिने, माझ्यासारखीला कळलं होतं तर त्यांनाही कळलंच. पण शांती शेवटी म्हणाली, "ते समदं झालं. पर आवाज कुनाचा?"

"आयशीचा. पण ती गायलीच नाय त्या दिवशी. ती घरी होती."

"मंग घरी बसून गायली असं समज. नाव तिच्याच तोंडचं ना?"

"तुमी तिला बोलावलं असतंत तर तिनं तुमच्या मांडवात बरोबर घेतलं असतं ते नाव!" सरूचा आवाज फाटला. "तुमाला ती नको होती. तिला घरी ठेवून तिचा गळा आणलात. आनि आता दोष द्यायला मात्र ती पाहिजे."

धाकटा मुलगा उठून उभा राहिला. मीही उठले, का ते ठाऊक नाही, धक्काबुक्की मला झेपली नसती. तेवढ्यात हैबतराव खुर्चीवरून बोलले. चांगले खणखणीत ऐंशीचे, पान तोंडात.

"बस रे. पोरगी खोटं नाय बोलत. पर माजी गंमत ऐक, पोरी. त्या दिवसापासून मी चहा मागितला का सून आधी माज्याकडं बघते, मंग चुलीकडं. पानात पयला घास पडला का घरातली समदी कावळ्याची वाट बघितल्यासारखी गप. मी जिता हाय का नाय, हे मलाच रोज सांगावं लागतं. तुजी मशीन बरोबर असंल. मला तिचं काय? मला उठवा. ज्या तोंडानं बसवलाय, त्या तोंडानं उठवा."

"ती लग्नाशिवाय नावं घेत नाय."

"नाय घेत, ठाऊक हाय मला. तुळशीचं लगीन हाय ना? मांडव घालतो. उसाचा, पर मांडवच. तिला म्हनावं, हैबतराव नारळ घेऊन येतोय."

म्हातारा खरंच जोह्याला गेला, मुलाच्या मोटरसायकलवर मागे बसून. बायजाने नारळ लगेच घेतला नाही. आधी लेकीला आत बोलावलं. सरूबरोबर गेलेली मी ओटीवर होते, ऐकू आलं सगळं.

"तुज्या त्या पेटीत माजा गळा हाय तो काढ. समदा."

"पितरांचा हिरामणकडं हाय. तो मी पुसायला लावते. सगळ्यांसमोर."

"तुज्याकडचा पन."

"त्याच्यात नावं नायत, आये. हळद हाय, घागर हाय. तुजा श्वास हाय नुसता."

"आज तुज्याकडं हाय. उद्या तू बाळंतपनाला गेलीस का दुसरा कोन बटन दाबंल."

 सरूचा आवाज आला, रागाने कोरडा. "तू मेलीस का मंग मी काय ऐकू?"

"माज्यासंगं बस आनि शिक. नायतर नको ऐकू."

स्टुडिओत बायजा एकेक ओळ चार-पाच तऱ्हांनी गायली होती, ते मी समोर बसून ऐकलं होतं. त्यातली एकही आता कुठे नाही. सरूने त्याच संध्याकाळी ते पुसलं. दुसऱ्या दिवशी हिरामणच्या गाळ्यात हैबतरावांच्या मुलासमोर हिरामणकडून पुसून घेतलं, कॉम्प्युटरमधल्या कचऱ्याच्या डब्यातूनसुद्धा, आणि तिथल्या तिथे काम सोडलं. हिरामण म्हणाला, "ढोलाची मांडणी तरी ठेव." सरू म्हणाली, "ती मी रिकामी करून ठेवलीय. तुज्या बापाचं नाव टाक आनि वाजव." हेच ते, काच फुटण्यापेक्षा वाईट.

तुळशीच्या लग्नाला अष्टमीत हैबतरावांच्या अंगणात उभं राहायला जागा नव्हती. पाच उसांचा मांडव, चिंचा-आवळे, रांगोळी. रोह्याच्या बायका आल्या होत्या, काही पेणहून आल्या होत्या, आणि सगळ्या भक्तीने आल्या होत्या असं मी म्हणणार नाही. स्पीकर नव्हता. बायजा तुळशीसमोर बसली, डोक्यावर पदर घेतला आणि सुरू झाली. इतक्या महिन्यांच्या मौनाने आवाज जाड झाला होता. देव आले. मग पितरांची हाक, आणि अंगण असं गप्प झालं की उसाचं पान हललेलं ऐकू यावं. पणजा महिपती. बाप सखा. मग घराण्यातले बाकीचे गेलेले, एकेक, घाई नाही. तिने ती ओळ मिटवली. थांबली. मला वाटलं श्वास घ्यायला थांबली असेल, पण ती मान वळवून जमलेल्या बायकांकडे बघत होती, एकेकीकडे. त्या बघण्यात तिला जे बोलायचं होतं ते सगळं होतं. पुष्कळजणींनी माना खाली घातल्या.

मग तिने जित्यांची रांग उघडली. पहिलं नाव हैबतरावांचं घेतलं आणि ओळ सोडेनाच. लांबवली, मागे नेली, पुन्हा आणली, म्हातारा समोर बसलेला असताना त्याची वाट बघत राहिली. शेवटी हैबतरावांनाच राहवलं नाही.

"अगो हाय, हाय मी. जेवन पन हाय मागं, आटप आता."

अंगण हसलं. शांतीने पदर तोंडाला लावला. ती रडत होती की हसत होती ते मला बाजूने दिसलं नाही. धवला संपल्यावर तीच पुढे आली. तिच्या भाच्याचं लग्न होतं मार्गशीर्षात. सुपारी ठेवलेला नारळ तिने बायजासमोर धरला.

"येशील ना गो?"

"मला काय इचारतेस? लेकीला इचार. तिचा राग उतरला का बघ."

शांतीने मागे पाहिलं. सरू उसाला टेकून उभी होती. हसली नव्हती, बसलीही नव्हती.

"नाय उतरला," सरू म्हणाली.

"नसू दे," बायजा म्हणाली, आणि पदर पसरून नारळ घेतला.